बोक्याच्या डोळ्यातले तपकिरी डाग: दिसणारा डोळा काढून टाकायचा का?

कातरवेळ
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि तेही अडचणीतच. आमचा गोंड्या, केशरी बोका, वय ९, नसबंदी झालेली, तब्येतीने अगदी ठणठणीत. दोनेक वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या डोळ्याच्या पिवळ्या भागात तिळाएवढा तपकिरी ठिपका दिसला. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले तीळ आहे, वयाने येतात, लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवलं म्हणजे काय तर रोज बघत होते, आणि रोज बघितलं की काही बदलल्यासारखं वाटत नाही हे आता कळतंय. मागच्या आठवड्यात जुने फोटो चाळताना धस्स झालं. एकाचे तीन ठिपके झालेत, दोन तर एकमेकांत मिसळून चहा सांडल्यासारखा डाग झालाय. त्याहून वाईट म्हणजे अंधार पडला की उजवी बाहुली गोल मोठी होते आणि डावी खालच्या बाजूला ओढल्यासारखी, थेंबाच्या आकाराची राहते.

एका डॉक्टरांनी सांगितलं तीन महिने थांबून परत बघू. दुसऱ्या म्हणाल्या मेलानोमाची (रंगपेशींच्या कॅन्सरची) शंका आहे, डोळा काढलेला बरा. पण अहो त्याला त्या डोळ्याने दिसतंय! माशी उडाली तर डाव्या बाजूने झडप घालतो. दुखतंय असंही वाटत नाही. दिसणारा, न दुखणारा डोळा नुसत्या शंकेवर कसा काढू? कुणाला अनुभव आहे का? काय केलंत?

तिरकीट
फोटोशिवाय धागा फाऊल धरण्यात येतो.

बोकोबा
कातरवेळ, एवढं घाबरू नका. आमच्या बोक्याला दोन्ही डोळ्यांत मिळून सात आठ ठिपके आहेत, चार वर्षं झाली, जैसे थे. केशरी मांजरांना ओठांवर, नाकावर, पापण्यांच्या कडेलाही काळे ठिपके येतात, आमच्याकडे तर खालचा ओठ शाई सांडल्यासारखा झालाय, त्याचं काहीच होत नाही. उगाच डोळाबिळा काढू नका.

एकाक्ष
बोकोबा, तुमचा अनुभव खरा असेल पण ओठावरचे ठिपके आणि डोळ्याच्या आतले ठिपके एका माळेत ओवू नका हो. आम्हीही असंच "केशरी मांजरांना येतातच" म्हणत दोन वर्षं काढली. आयडी उगाच नाही घेतला हा.

आमच्या मांजरीचा पूर्ण आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, तपकिरी झाला तेव्हा घरातले म्हणायचे किती छान रंग आलाय. मग एक दिवस तो डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसायला लागला, बाहुली सताड उघडी, उजेडातही मिटेना. डॉक्टरांनी डोळ्याचं प्रेशर मोजलं तर ५२. मांजरांचं साधारण १० ते २५ मधे असतं म्हणे. म्हणजे काचबिंदू झालेला, तोही आतल्या गाठीमुळे, आणि माणसाला असं झालं तर डोकं धरून ओरडेल. ही बया जेवत होती, फक्त कपाटावर जाऊन बसायची आणि आधीपेक्षा जास्त झोपायची. आम्ही म्हणायचो वय झालं. डोळा काढल्यावर चौथ्या दिवशी ती दोरीच्या मागे धावली तेव्हा मला रडू आलं, कारण ती गेलं वर्षभर दोरीमागे धावली नव्हती आणि ते आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

सव्वा वर्षाने लिव्हरमधे गाठी सापडल्या. लवकर काढला असता तर काय झालं असतं माहीत नाही, पण तो प्रश्न अजून मधूनच रात्री मला जागं करतो.

फुलपाखरू०७
एकाक्ष, वाचून कसंतरी झालं :( कातरवेळ, तोवर माणसांचे डोळ्यात घालायचे ड्रॉप्स घालून बघा ना, आमच्या मांजरीचा डोळा लाल झालेला तो दोन दिवसात बरा झाला.

गोठ्यातला डॉक्टर
फुलपाखरू, कृपया हे करू नका आणि सुचवूही नका. त्या ड्रॉप्समधे स्टिरॉइड असेल आणि मांजराच्या कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या काचेवर) साधा ओरखडा जरी असेल तरी तो वितळत जाऊन डोळ्याला भोक पडू शकतं. आणि विषय निघालाच आहे तर, दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल कुणी देऊ नका, मांजराला एक गोळीही मारू शकते.

आता मूळ प्रश्न. मी निवृत्त पशुवैद्य, उमेदीची वर्षं गाईम्हशींत गेली, पण शेवटची पंधरा वर्षं मांजरांनीच दवाखाना चालवला. कातरवेळ, तुमच्या दोन्ही डॉक्टरांचं चूक नाही. तुमच्या पोस्टमधली महत्त्वाची ओळ डागांची नाहीच, बाहुलीची आहे.

आयरिसवर सपाट तपकिरी डाग येणं याला मेलानोसिस म्हणतात, रंगपेशी पृष्ठभागावर पसरतात आणि बऱ्याच मांजरांत तिथेच थांबतात, बोकोबांचा बोका त्यातला. काहींत मात्र त्या पेशी आत शिरतात आणि त्याचा डिफ्यूज आयरिस मेलानोमा होतो. मांजराच्या डोळ्यात मूळ धरणाऱ्या गाठींमधे हाच सगळ्यात जास्त दिसतो. घोळ असा की सपाट डाग आणि मेलानोमा यांच्यात कुंपण नाही, एक कधी संपतं आणि दुसरं कधी सुरू होतं हे बाहेरून बघून कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुत्र्यांत डोळ्यातला मेलानोमा बहुधा जागच्या जागी राहतो, मांजरांत तो लिव्हर, फुप्फुसं, किडनीपर्यंत जाऊ शकतो, आणि डोळा काढल्यावरही एक ते तीन वर्षांनी उगवू शकतो. म्हणून कुत्र्याच्या अनुभवावरून मांजराचा निर्णय घेऊ नका.

आम्ही काय बघतो? डाग वाढतोय का हे आहेच. पण आयरिसचा पृष्ठभाग मखमलीसारखा उंच सखल झालाय का, जाड झालाय का, रंगाचे कण डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्यात तरंगतायत का, प्रेशर किती आहे, आणि बाहुलीचा आकार व हालचाल. बाहुली वेडीवाकडी होते याचा अर्थ आयरिसच्या आतल्या स्नायूपर्यंत काहीतरी पोचलंय. तुमच्या वर्णनावरून मला "तीन महिने थांबू" हे जरा सैल वाटतं. डोळ्यांच्या स्पेशालिस्टकडून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे बारीक प्रकाशपट्टी टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, तपासून घ्या. गोनिओस्कोपी म्हणून एक भिंग लावून करायची तपासणी असते, तिच्यात डोळ्यातलं पाणी जिथून निचरा होतं तो कोपरा दिसतो. तिथे रंगपेशी भरल्या असतील तर निर्णय सोपा होतो, दुर्दैवाने.

चिवचिव
डॉक्टरकाका, बावळट प्रश्न असेल पण आधी तुकडा काढून बायोप्सी का नाही करत? शंकेवर आख्खा डोळा काढण्यापेक्षा?

गोठ्यातला डॉक्टर
बावळट अजिबात नाही, हाच प्रश्न सगळे विचारतात. आयरिस म्हणजे रक्तवाहिन्यांचं जाळं, तुकडा काढायला गेलं की डोळ्यात रक्तस्राव, सूज, मोतीबिंदू, काहीही होऊ शकतं. सुईने पेशी ओढल्या तरी वरच्या थरातल्या साध्या रंगपेशीच हाती लागतात आणि रिपोर्ट धड ना इकडचा ना तिकडचा येतो. म्हणून बहुतेक वेळा खात्रीचं निदान डोळा काढून पॅथॉलॉजीला पाठवल्यावरच होतं. हे विचित्र आहे, मान्य. उपचार आधी आणि निदान नंतर.

आडमुठा
म्हणजे निदानासाठी डोळा काढायचा आणि मग कळणार की काही नव्हतंच. वा. एका मांजरासाठी स्पेशालिस्ट, सोनोग्राफी, स्लिट लॅम्प. माणसांना मिळत नाही इतकं.

तिरकीट
आडमुठा आले, धागा आता खऱ्या अर्थाने सुरू झाला.

बोकोबा
आडमुठा यांचा सूर सोडला तर पहिल्या वाक्यात तथ्य आहे ना? रिपोर्ट साधा मेलानोसिस आला तर दिसणारा डोळा फुकट गेला. लेझरने डाग जाळतात असं वाचलंय, ते का नाही?

गोठ्यातला डॉक्टर
बोकोबा, लेझर करतात, सुटे सुटे सपाट डाग असतील तर. पण त्यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, कारण जाळल्यावर खाली काय उरलंय ते दिसत नाही आणि पॅथॉलॉजीला पाठवायला काही हातात राहत नाही. मिसळलेल्या डागांना आणि वाकड्या बाहुलीला लेझर हा माझ्या मते उपाय नाही.

डोळा "फुकट" जाण्याची भीती खरी आहे आणि मी ती झटकत नाही, माझ्याही हातून एकदा असं झालंय. पण दुसरी बाजूही बघा. १९९८ मधे एक अभ्यास छापून आला होता, या आजारासाठी डोळा काढलेली मांजरं आणि तशीच आजार नसलेली मांजरं यांच्या आयुष्याची तुलना. आजार आयरिसपुरता असताना डोळा काढला ती मांजरं इतरांइतकीच जगली. आयरिसच्या मागे पसरल्यावर काढला त्यांचं आयुष्य कमी झालं, आणि जितकं जास्त पसरलेलं तितकं आणखी कमी. म्हणजे फायदा नेमका तेव्हाच आहे जेव्हा डोळा धडधाकट दिसतो. एकाक्ष यांच्या मांजरीच्या वेळेला निर्णय सोपा होता पण उशीर झालेला. कातरवेळ यांना निर्णय अवघड आहे म्हणजे कदाचित वेळ अजून हातात आहे.

निशाचर
वाखु (वाचनखूण) साठवली आहे. फोटोंबद्दल एक सांगायचंय, मी दोन वर्षं दर महिन्याला मांजरीच्या डोळ्याचे फोटो काढतोय आणि पहिले सहा महिने ते सगळे निरुपयोगी निघाले. का, तर बाहुली! उजेडात बाहुली फटीएवढी होते तेव्हा आयरिस ताणला जातो आणि डाग पसरट, फिके दिसतात. संध्याकाळी बाहुली मोठी झाली की तोच आयरिस कडेला गोळा होतो आणि डाग गडद, चिकटलेले दिसतात. मी एका महिन्यात दुपारी आणि दुसऱ्या महिन्यात रात्री फोटो काढून "वाढले वाढले" म्हणून दवाखान्यात पळालो होतो. आता एकच खिडकी, सकाळची एकच वेळ, फ्लॅश बंद, बाहुली फटीएवढी असतानाच, आणि दोन्ही डोळ्यांचे. फ्लॅशने डोळा नुसता हिरवा चमकतो, डाग दिसतच नाही. फोटो न काढता व्हिडिओ काढायचा आणि त्यातली चांगली फ्रेम घ्यायची, मांजर स्थिर बसेल ही आशा सोडून द्यायची.

कातरवेळ
निशाचर, हे वाचून लगेच जुने फोटो परत बघितले. थोडी आशा वाटली होती की माझाही असाच घोळ असेल. नाहीये. दोन्ही दुपारचे, दोन्हीत बाहुली बारीक, आणि डाग खरंच वाढलाय.

शेवंती
माझा अनुभव थोडा वेगळा, पण शीर्षक वाचून कुणी येईल त्याच्यासाठी लिहिते. आमची मांजर पांढरी, नाक गुलाबी, पापण्यांच्या कडा गुलाबी. खालच्या पापणीला एक खपली धरली. पडायची, परत धरायची. आम्हाला वाटलं भांडणात ओरखडलंय, मलम लावत राहिलो तीन महिने. तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर निघाला, उन्हामुळे होतो, पांढऱ्या मांजरांत पापणी, नाक आणि कानाची टोकं हीच त्याची ठिकाणं. इथे बायोप्सी सोपी असते कारण बाहेरच आहे, डॉक्टरांनी छोटा तुकडा घेऊन आधी निदान केलं. पापणीचा तो भाग कापून कातडी सरकवून शिवली, पापणी जरा तिरकी दिसते, तिच्या चेहऱ्यावर कायम संशय असतो आता. लहान असेल तर गोठवून किंवा रेडिएशननेही करतात म्हणाले. दोन आठवड्यांत न भरणारी खपली दिसली की जा, एवढंच. आणि आता दुपारी तिला खिडकीत ऊन खात बसू देत नाही, त्यावरून आमचं रोज भांडण.

चिवचिव
शेवंतीताई, "चेहऱ्यावर कायम संशय" हा मांजरांचा डीफॉल्ट मोड नाही का?

लांबचा मामा
मीही भर घालतो. पर्शियन मांजर, डोळ्यात काळाभोर डाग, मी तर रडायचाच बाकी होतो, मेलानोमा म्हणून इंटरनेटवर रात्रभर वाचलं. डॉक्टरांनी टॉर्च आडवा धरून बाजूने बघायला लावलं. डोळ्याच्या पुढे काचेचा घुमट असतो ना, डाग त्या काचेवर होता, आतल्या रंगीत पडद्यावर नाही. कॉर्नियल सिक्वेस्ट्रम म्हणतात, कॉर्नियाचा मेलेला तुकडा, पर्शियनमधे फार, हर्पीस व्हायरसशीही संबंध असतो. दुखतं बरंच, आमचीला ऑपरेशन करून काढावा लागला, पण कॅन्सर नव्हे. तेव्हा आधी बाजूने बघा डाग नक्की कुठे आहे.

निशाचर
आणि तिसरा भिडू म्हणजे सिस्ट. माझ्या मांजरीचं तेच निघालं शेवटी. बाहुलीच्या कडेला लटकलेला गुळगुळीत काळा मणी. सोनोग्राफीत आतून पोकळ दिसला. काही करायचं नाही, नुसता बघत राहायचा. दोन वर्षांचे फोटो पोकळ मण्याचे.

आडमुठा
म्हणजे माझा मुद्दा सिद्ध झाला. दहातल्या नऊ वेळा काही नसतं.

एकाक्ष
दहातल्या नऊ हा आकडा कुठून आणलात? आणि तो दहावा तुमच्या घरात असेल तर काय करता? ते दोघे तपासायला गेले म्हणून त्यांना कळलं काही नाही ते. न जाता नाही कळलं.

आडमुठा
माझ्या घरात मांजर नाही.

तिरकीट
मांजरांचं नशीब.

चिवचिव
अवांतर: ड्रॉप्सबद्दल कुणाला माहितीये का? बाहुली मोठी करायला तपासणीच्या वेळी ड्रॉप्स घातले आणि आमचा मांजरोबा तोंडातून साबणासारखा फेस काढायला लागला, मला वाटलं गेला आता.

गोठ्यातला डॉक्टर
चव! ड्रॉप्स डोळ्यातून नाकात आणि तिथून घशात उतरतात, ते कडू असतात. मांजर कडू लागलं की फेस काढतं. थोडं पाणी दाखवा, पाच मिनिटांत विसरतं. तुम्ही विसरत नाही.

अजून दोन गोष्टी राहिल्या. एक, डाग तपकिरी नसून गुलाबी किंवा मांसल असेल, डोळा लाल, धुरकट असेल, विशेषतः दोन्ही डोळ्यांत, तर लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर) डोक्यात ठेवावा लागतो. तो बहुधा शरीरात दुसरीकडे असतो आणि डोळ्यात डोकावतो, तिथे नुसता डोळा काढून भागत नाही, केमोचा विचार होतो. फेलाइन ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांच्या दोन व्हायरसची रक्ततपासणी तेव्हा करायचीच. अशा वेळी निदानाआधी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या तर गाठ तात्पुरती विरघळते आणि खरं निदान हातातून निसटतं. दोन, म्हाताऱ्या मांजराच्या डोळ्यात अचानक रक्त दिसलं तर गाठीइतकीच शक्यता ब्लड प्रेशरची असते, किडनी किंवा थायरॉइडमुळे वाढलेलं. बीपी मोजायला सांगा.

बोकोबा
डॉक्टर, एक विचारतो. आमच्याकडे दुसरी एक मांजर आहे, बाहेरून आलेली, लहानपणी कुणीतरी किंवा कशानेतरी डोळा फुटलेला. आता तो आकसून मण्याएवढा झालाय. दिसत नाही, पण त्रासही नाही, सहा वर्षं झाली. तसाच ठेवला तर चालतो ना?

गोठ्यातला डॉक्टर
बोकोबा, हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. मी तरी तो काढून घ्या असंच सांगेन.

मांजरांत एक वेगळीच भानगड आहे. डोळ्याला जबर इजा होऊन आतलं भिंग फुटलेलं असेल तर वर्षानुवर्षांनी त्याच डोळ्यात सार्कोमा (एक प्रकारचा कॅन्सर) होऊ शकतो. १९८४ मधे अशा तीन मांजरांची नोंद पहिल्यांदा छापून आली, नंतर बऱ्याच सापडल्या. इजा आणि गाठ यांच्यात पाच सात वर्षं जाणं नेहमीचं, कधी दहाच्या वर. तोवर लोक इजा विसरलेले असतात. हा सार्कोमा डोळ्याच्या आतल्या भिंतीला अस्तरासारखा पसरतो आणि ऑप्टिक नर्व्हच्या (डोळा आणि मेंदू जोडणाऱ्या नसेच्या) वाटेने मेंदूकडे सरकतो. आकसलेला डोळा अचानक "भरून" यायला लागला, रंग बदलला तर लोकांना वाटतं सुधारतोय. तो सुधारत नसतो. आंधळा, आकसलेला डोळा मांजराच्या कामाचा नाही, तो ठेवण्यात फक्त धोका आहे. इथे तर दिसणारा डोळा जाण्याचाही प्रश्न नाही.

बोकोबा
अरे देवा. मी कातरवेळना धीर द्यायला आलो होतो.

(सहा वर्षं म्हणजे बरोब्बर मधेच सापडलो की. उद्या फोन करतो.)

फुलपाखरू०७
ड्रॉप्सचं सांगितलं त्याबद्दल सॉरी सगळ्यांना, मला खरंच माहीत नव्हतं.

कातरवेळ
स्पेशालिस्टकडे जाऊन आले. लांबलचक लिहितेय, मनातलं बाहेर काढायचंय.

भुलीशिवायच सगळं तपासलं, भूल नुसत्या ड्रॉप्सची. आधी प्रेशर, पेनासारखं यंत्र डोळ्याला टुक टुक लावतात. उजवा १६, डावा २३. म्हणजे अजून हद्दीत, पण दोघांत फरक आहे. मग अंधार करून स्लिट लॅम्प. मला मॉनिटरवर दाखवलं. मी ज्याला सपाट डाग समजत होते तो सपाट नाहीये, शेवाळासारखा मऊ फुगीर आहे, आणि त्याच्या पुढे पाण्यात बारीक तपकिरी धुळीचे कण हळूहळू वर खाली फिरत होते. ते कण बघितले आणि माझं ठरलंच. निचऱ्याच्या कोपऱ्यातही खालच्या बाजूला थोडा रंग आहे म्हणाल्या. छातीचे तीन एक्सरे, पोटाची सोनोग्राफी, दोन्ही स्वच्छ. रक्तात किडनी, थायरॉइड ठीक.

मी विचारलं तुमचं मांजर असतं तर? त्या म्हणाल्या याच आठवड्यात काढला असता. मंगळवारची तारीख घेतलीये. घरी आल्यावर तो माझ्या मांडीवर बसून दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत होता आणि मला इतकं विश्वासघातकी वाटलं ना.

एकाक्ष
ते वाटणारच. मंगळवारसाठी काही गोष्टी, कुणी आम्हाला आधी सांगितल्या नव्हत्या म्हणून: पहिल्या दिवशी त्या बाजूच्या नाकपुडीतून गुलाबी पाणी येईल, अश्रूंची नळी नाकात उघडते म्हणून, घाबरू नका. चेहऱ्याचा अर्धा भाग भादरलेला असेल, सूज असेल, पहिलं दर्शन वाईट असतं. शंकूची कॉलर १० ते १४ दिवस, काढायला लावेल असे चेहरे करेल, काढू नका. आणि डोळा फॉर्मलिनमधे घालून पॅथॉलॉजीला जातोय ना हे स्वतः विचारून खात्री करा, काही ठिकाणी सांगितल्याशिवाय पाठवत नाहीत.

गोठ्यातला डॉक्टर
एकाक्ष यांच्याशी सहमत. एकच जोडतो. मांजराची ऑप्टिक नर्व्ह आखूड असते, काढताना डोळा ओढला गेला तर दुसऱ्या चांगल्या डोळ्याच्या दृष्टीला धक्का बसू शकतो. तुमच्या स्पेशालिस्टना हे माहीत असणारच, पण इतर कुणी "साधं ऑपरेशन आहे, आम्हीच करून टाकतो" म्हणालं तर मांजरांचे किती केलेत हे विचारायला लाजू नका. आणि रिकाम्या जागी नकली गोळा बसवायची कल्पना कुणी काढली तर मांजरात नको म्हणा.

तिरकीट
मी गंमती करत होतो आत्तापर्यंत, पण मंगळवारी काय झालं ते कळवा. गोंड्याला शुभेच्छा.

कातरवेळ
ऑपरेशन नीट झालं. गुलाबी पाणी आलं, एकाक्षताई नसत्या तर मी मध्यरात्री दवाखाना उघडायला लावला असता. पहिली रात्र तो कॉलरसकट भिंतीला टेकून उलटा चालत होता. दुसऱ्या दिवशी वाटी दिसेना म्हणून वाटीवर कॉलर घालून तसाच उभा, मग कळलं कॉलर वाटीच्या कडेला अडतेय, बशीत दिलं तर सगळं संपवलं. चौथ्या दिवशी पलंगावर उडी मारली आणि वीतभर कमी पडला, खाली बसून पंजा चाटायला लागला, जणू पलंगावर जायचंच नव्हतं.

चिवचिव
तो पंजा चाटणारा अभिनय दोन डोळेवाली पण करतात, काळजी नको :)

एकाक्ष
डावीकडून जाताना आधी बोला, मग हात लावा. नाहीतर तो दचकतो आणि तुम्हाला ओरखडा. तो आता मान जास्त वळवेल आणि बारीक जागेत मिशांनी अंदाज घेईल. दोनेक महिन्यांत उड्याही जमतात.

कातरवेळ
तीन आठवडे झाले, रिपोर्ट आला. डिफ्यूज आयरिस मेलानोमा. आयरिसपुरता आहे, त्याच्या लगेच मागच्या भागात, सिलिअरी बॉडीत, नाही, निचऱ्याच्या कोपऱ्यात थोड्या पेशी, ऑप्टिक नर्व्हची कड स्वच्छ. विभाजन होणाऱ्या पेशी कमी. दर सहा महिन्यांनी छाती आणि पोट तपासत राहायचं. "पूर्ण बरा झाला" असं कुणी म्हणालं नाही, मीही विचारलं नाही. रिपोर्ट हातात आल्यावर मी पहिल्यांदा "बरं झालं कॅन्सर होता" असं मनात म्हटलं आणि मग स्वतःचाच राग आला. पण खरं सांगते, साधा तीळ निघाला असता तर मी त्याच्याकडे बघू शकले नसते.

केस आलेत परत. डाव्या बाजूने बघितलं तर डोळा मारतोय असं वाटतं. माशी मात्र आता उजवीकडूनच पकडतो.

बोकोबा
फार बरं वाटलं. आमच्या बाहेरवालीचा आकसलेला डोळाही परवा काढला, आत गाठ नव्हती, भिंग मात्र फुटलेलं होतं. आणि ठिपकेवाल्या बोक्याचे फोटो आता निशाचर पद्धतीने सुरू केलेत, महिन्याच्या एक तारखेला, सकाळी, एकच खिडकी. तो खिडकी बघितली की पळतो.

तिरकीट
तीन आठवडे झाले, फोटो अजून नाही. नोंद घेतली आहे.

कातरवेळ
टाकते हो, आज नक्की. कॉलर काढल्यापासून जागेवर थांबत नाही.

रातकिडा
नवीन आयडी आहे, सगळा धागा वाचून काढला. आमच्या ५ वर्षांच्या मांजरीच्या डोळ्यात काल रात्री एक तपकिरी ठिपका दिसला. आधी होता की नाही आठवत नाही. काय करू?

गोठ्यातला डॉक्टर
टॉर्च आडवा धरा, बाजूने बघा, ठिपका पुढच्या काचेवर आहे की आतल्या पडद्यावर ते सांगा. मग उद्या सकाळी खिडकीपाशी दोन्ही डोळ्यांचा व्हिडिओ. तोवर ड्रॉप्स नाही.